परक्या दारातली कुलपं

१

"ही आपली गाडी नाही," आई म्हणाली, आणि टाळ्या वाजवायला उचललेले सगळ्यांचे हात तसेच हवेत राहिले.

अंगणात गाडी उभी होती. सायीच्या रंगाची, पाठीला गोल, पोट सुटल्यासारखी, म्हणून घरात तिचं नाव ढब्बू. बाबांनी ती तरुणपणी कोरी करकरीत घेतली होती. ते गेल्यावर शेडमध्ये धूळ खात पडली. मग दादाच्या मनात आलं की तिला पुन्हा उभी करू या. मिस्त्रीच्या कारखान्यात ती बरेच महिने राहिली आणि आज चकाकत परत आली.

आईला डोळ्यांनी फारसं दिसत नसे. उजेड, अंधार आणि माणसांच्या सावल्या, इतकंच. तिने गाडीच्या छपरावरून तळवा फिरवला. आपल्या जुन्या किल्लीने चालकाच्या बाजूचं दार उघडलं. किल्ली अडखळत फिरली. आत बसून तिने दार ओढून घेतलं, मग उतरली आणि ते वाक्य बोलली.

मिस्त्री हसला. "आजी, रबर नवं, गाद्या नव्या, रंग नवा. परकी वाटणारच!"

"रबराचं नाही बोलत मी."

"मग कशाचं?" दादाने विचारलं. त्याचा आवाज उगाच चढला होता.

"सांगता येत नाही रे. दुसऱ्याच्या चपलेत पाय गेला की कळतं ना? तसं."

बाबांचे जुने मित्र, जुन्या गाड्यांच्या क्लबाचे अध्यक्ष, तेही आले होते. घरात त्यांना क्लबकाका म्हणत. त्यांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. "वहिनी, इंजिनाचा नंबर तोच आहे. नंबराची पट्टीही तीच. ढब्बूच आहे ही."

"आणि तुझीच किल्ली लागली ना दाराला?" दादा म्हणाला. "परक्या गाडीला तुझी किल्ली लागेल का?"

आईने किल्ली मुठीत धरली आणि चाचपडत घरात निघून गेली.

ठमीने हे सगळं पायरीवर उभं राहून पाहिलं. ठमी म्हणजे घरातलं शेंडेफळ. बाहेरच्या जगात ती दातांची डॉक्टर होती आणि तिचा दवाखाना जवळच होता. तेव्हा तिलाही वाटलं, आईचं वय झालं.

पण आई हट्ट सोडेना. जेवताना तेच, झोपून उठली की तेच. शेवटी दादा तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ओळखीची वस्तू परकी वाटणं हे विसराळूपणाच्या आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा तपासायचं ठरलं. दादाने वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत चौकशीही केली.

त्या संध्याकाळी आईने ठमीचा हात धरला. तिची बोटं गार पडली होती.

"ठमे, खरं सांग. माझं डोकं फिरतंय का गं?"

आयुष्यात कधी कोणाला न घाबरलेली ही बाई स्वतःलाच घाबरली होती.

"सांगते," ठमी म्हणाली. "पण आधी गाडीला विचारते."

२

निमित्त आयतंच मिळालं. चालकाच्या बाजूचं कुलूप आता भलतंच अडकू लागलं होतं. दादा म्हणाला, "मिस्त्रीला सांगतो. सगळी कुलपं नवी बसवू दे आणि जुनी फेकून दे."

"फेकायची कशाला? मी उघडते," ठमी म्हणाली. "आतली पाती बदलली की नव्या किल्लीला लागतील."

"तू दात बघ ना बाई!"

"दातच आहेत ते. पितळेचे."

हे ती उगाच म्हणाली नव्हती. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा कुलपं उघडून बसत आणि ती शेजारी. जुन्या गाडीचं कुलूप म्हणजे एक नळी. नळीत फिरणारा गाभा. गाभ्यात ओळीने पितळेची पातळ पाती, प्रत्येकाखाली केसासारखी स्प्रिंग. बरोबर किल्ली आत गेली की सगळी पाती गाभ्याच्या अंगाबरोबर सपाट बसतात आणि गाभा फिरतो. एकही पातं वर राहिलं की अडलं. ढब्बूच्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली होती. बाबांना किल्ल्यांचा जुडगा आवडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावर गेल्यावर तिने चालकाचं दार उघडं टाकलं. काच चढवायचा दांडा काढला, आतली फळी हलक्या हाताने उचकटली. घोड्याच्या नालासारखा वाकडा चाप चिमट्याने ओढला आणि कुलूप बाहेरून तिच्या तळव्यात आलं.

तिने ते उजेडात धरलं, आणि कपाळाला आठी पडली. नळी गोल नव्हती. एका बाजूने दबून अंडाकृती झाली होती आणि मागची दांडी वाकलेली होती. कोणीतरी ती हातोडीने ठोकून सरळ करायचा प्रयत्न केला होता. घाव स्पष्ट दिसत होते. किल्ली घालून गाभा ओढला तर तो सुटेना. शेवटी सुटला, तेव्हा त्यातली दोन पाती चेपलेली निघाली.

तिने पलीकडच्या दाराचं कुलूप काढलं. ते मात्र ठणठणीत होतं. पाती झिजून गुळगुळीत झालेली, जुनं काळं ग्रीस खोबणीत बसलेलं. आईची किल्ली त्यात लोण्यासारखी फिरत होती.

म्हणजे कुलपं ढब्बूचीच होती, पण एकाला जबरदस्त मार बसला होता. आणि हे दार? ठमीने दारावर तळहात ठेवला. पत्रा सरळसोट, कुठे पोचा नाही. ज्या दारातलं कुलूप इतकं चेपलं, ते दार इतकं धड कसं राहिलं?

तिने पिशवीतून दात पाहायचा छोटा आरसा काढला, कुलपाच्या रिकाम्या भोकातून आत सरकवला आणि टॉर्च मारला.

दाराच्या आतला पत्रा निळा होता.

ढब्बू जन्मापासून सायीच्या रंगाची. तिला निळा रंग कधी शिवलाही नव्हता.

३

मिस्त्रीचा कारखाना गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याला होता. तेलाने काळी पडलेली जमीन, उघड्या पोटाच्या गाड्या, मागच्या बाजूला ताडपत्रीखाली झाकलेला पसारा. मिस्त्री गाडीखालून सरकत बाहेर आला.

"दार निळं? हो, असेल की!" त्याने मनगटाने कपाळ पुसलं. "जुनं दार गंजून चाळण झालं होतं, ताई. त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीचं लावलं. असं करावंच लागतं."

"आईला का नाही सांगितलं?"

"एका दाराचं काय सांगायचं?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पण बोलताना मिस्त्री हातातला पाना या हातातून त्या हातात करत होता. त्याची नजर ताडपत्रीकडे गेली आणि चटकन परत आली. ठमीने ती पाहिली, पण काही विचारलं नाही. खुर्चीवर बसलेला पेशंट "दुखत नाही" म्हणतो तेव्हा कुठे बोट ठेवायचं, ते तिला ठाऊक होतं. आणि कधी ठेवायचं नाही, तेही.

"कुलूप मात्र जुनंच लावलंत," ती सहज म्हणाल्यासारखी म्हणाली. "चेपलेलं. नवं का नाही?"

"आजींची किल्ली लागायला नको का?" मिस्त्री बोलून गेला आणि जीभ चावली. "म्हणजे, त्यांना सवय आहे ना."

घरी येऊन तिने पदर खोचला. डिकीचं कुलूप काढलं. आरसा आत घातला. निळं. समोरच्या खणाचं कुलूप काढलं, आतल्या खोबणीत बोट फिरवून रंगाचा पापुद्रा खरवडला. निळं. शेवटी स्टिअरिंगच्या दांड्याखाली आडवी झोपून गाडी चालू करायच्या कुलपाचे बोल्ट पाहिले. हे बोल्ट चोरांना रोखण्यासाठी खास केलेले असतात. आवळले की त्यांची डोकी तुटून पडतात, म्हणजे पुन्हा कोणाला सोडवता येऊ नयेत. जुने बोल्ट छिद्र पाडून काढले होते आणि नवे बसवले होते. तुटलेल्या जागा अजून चकाकत होत्या.

एक दार बदलता येतं, दोन बदलता येतात. पण डिकी, खण आणि अख्खा सांगाडा? इंजिन तेच, पट्टी तीच, कुलपं तीच. ओळख पटेल अशी प्रत्येक वस्तू उचलून कोणीतरी दुसऱ्याच गाडीत घातली होती.

आईने तळवा फिरवला होता तो एका परक्या निळ्या गाडीवरून. आणि तिला ते एका स्पर्शात कळलं होतं.

मग खरी ढब्बू कुठे होती?

४

त्या जातीच्या गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या. एक निळी क्लबकाकांकडे असायची. ढब्बू विकत मागून मागून त्यांनी बाबांना भंडावून सोडलं होतं, हेही ठमीला आठवलं. ती थेट त्यांच्या घरी गेली.

काका बागेत झाडांना पाणी घालत होते. प्रश्न ऐकून त्यांनी नळी खाली टाकली.

"माझी निळी? ती नुसता सांगाडा होती गं, पोरी. इंजिन नाही, कुलपं नाहीत. मागेच काढून वापरली होती मी. मिस्त्रीने फोन करून मागितली. ढब्बूला सुटे भाग लागतील म्हणाला. बाबाच्या गाडीसाठी म्हटल्यावर नाही कसा म्हणू?"

"आणि तुम्ही ती दिलीत तेव्हा ढब्बू पाहिलीत?"

"कुठली! मी लेकीकडे परदेशात होतो. माझ्या शेडची किल्ली शेजाऱ्यांनी दिली त्याला."

"काका, ढब्बू तुम्हाला हवी होती."

काकांनी तिला हाताला धरून शेडमध्ये नेलं आणि दिवा लावला. त्यांच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि तिसरी जागा रिकामी होती. ठमीने कोपरे पाहिले, मागची खोली पाहिली. ढब्बूचा एक खिळाही तिथे नव्हता.

"हवी होती," काका म्हणाले. "पण उजळ माथ्याने चालवायला हवी होती. लपवून ठेवलेली गाडी काय कामाची? क्लबात न्यायची कशी?"

हे खोटं वाटत नव्हतं. शिवाय चोराने ढब्बू पळवली असती तर धड पळवली असती. चेपलेलं कुलूप वेगळंच सांगत होतं.

निघताना काका म्हणाले, "एक विचारू? वहिनी असं बोलल्यावर तुझ्या दादाने मला एकदाही विचारलं नाही की काका, पुन्हा नीट पाहता का म्हणून. मी वाट बघत होतो."

ठमीचा पाय उंबऱ्यातच थबकला.

५

दवाखान्यात पेशंट नव्हते. तिने सगळी कुलपं हत्यारांच्या ट्रेमध्ये मांडली आणि समोर बसली.

चालकाच्या दारातलं कुलूप चेपलं, पण पलीकडचं नाही. म्हणजे मार एकाच बाजूने बसला, चालकाच्या. गाडी कशावर तरी त्या अंगाने आदळली होती, आणि ती आदळली तेव्हा आत कोणीतरी चालवायला बसलेलं होतं. मिस्त्री? त्याच्या हातून गाडी मोडली असती आणि त्याने ती लपवली असती, तर गोष्ट दादापासूनही लपलेली असती. मग आईने शंका काढताच दादा काय करता? चिडता, मिस्त्रीची मानगूट धरता, काकांना पुन्हा बोलावता. निदान एकदा तरी गाडीखाली वाकून पाहता. त्याने यातलं काहीही केलं नव्हतं. तो गाडी सोडून आईला तपासायला घेऊन गेला होता.

कारण गाडीत काय सापडेल, हे त्याला ठाऊक होतं.

ठमीने स्वतःलाच बजावलं, अंदाजाने कोणाचा दात काढत नाहीत. पुरावा हवा.

आणि मग ती ताडकन उठली. कपाटातून पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे काढू लागली. दादाचा साचा मागच्या रांगेत होता. गाडी कारखान्यात असतानाच तो गाल धरून आला होता. "जेवताना खडा लागला," म्हणाला होता. तिने टोप्या बसवून दिल्या होत्या आणि थट्टाही केली होती की एवढा खडा घरात आला कुठून.

तिने साचा उलटा केला. उजवीकडच्या तीन दाढांच्या कडा तुटलेल्या. दोन वरच्या, एक खालची. खडा एका ठिकाणी बसतो. जबडा असा एकमेकांवर आदळायला बाहेरून तडाखा बसावा लागतो, चालकाच्या दाराच्या बाजूने. त्याच्या गालाला आतून जखम होती, तीही तिला आता आठवली.

भावाच्या तोंडात स्वतःच्या हाताने तिने तो पुरावा झाकून दिला होता.

क्षणभर तिला वाटलं, साचा फोडून टाकावा, कुलपं जिथल्या तिथे बसवावीत, गप्प बसावं. मग आईची गार बोटं आठवली. तिने साचा पिशवीत टाकला आणि मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, दुपारी घरी या. ताडपत्रीखाली काय आहे ते मला कळलंय. यायच्या आधी दादाला फोन केलात तरी चालेल."

६

दुपारी चौघेही अंगणात होते. आई खुर्चीवर ताठ बसली होती. दादाने ट्रेमधली कुलपं पाहिली आणि तो पायरीवर बसला.

ठमीने आवाज न चढवता सगळं सांगितलं. निळा पत्रा, तुटके बोल्ट, चेपलेली नळी. शेवटी तिने साचा पुढे धरला. दादाने तो हातात घेतला नाही.

"मिस्त्रीचा दोष नाही," तो म्हणाला. "मीच पाया पडलो त्याच्या. गाडी जवळजवळ तयार झाली होती. म्हटलं, एक चक्कर मारावी. बाबांनी हयातभर मला त्या गाडीला हात लावू दिला नाही. तू धसमुसळा आहेस म्हणायचे. वळणावर गाडी घसरली. पुलाच्या कठड्याला जाऊन..." तो थांबला. "दुसरं कोणी नव्हतं तिथे. फक्त मी आणि ढब्बू."

"सांगाडा पार पिळवटला होता," मिस्त्री खाली मान घालून म्हणाला. "सरळ होणारा नव्हता. तोच ताडपत्रीखाली पडलाय. आजींना वाईट वाटेल म्हणून... मला वाटलं, चांगलंच करतोय."

"मलाही तसंच वाटलं," दादा म्हणाला. "आई, तुला कळणार नाही असं वाटलं गं. आणि तू बोललीस तेव्हा... तेव्हा मला मागे फिरता येईना. एक थाप पचवायला दुसरी मारत गेलो."

"डॉक्टरांकडे नेलंस ती थापच होती?" ठमीचा आवाज आता मात्र चढला. "ते देखभालीचं घर?"

दादा ओंजळीत तोंड लपवून बसला. पन्नाशीचा माणूस, पण खांदे लहान मुलासारखे हलत होते.

आई म्हणाली, "इकडे ये."

तो तिच्या पुढ्यात येऊन बसला. तिने त्याचा चेहरा चाचपला. उजव्या गालावर तिची बोटं थांबली.

"दुखलं होतं?"

"हो."

"आणि एकट्यानेच सोसलंस. मला सांगितलं असतंस तर मी रात्रभर शेकत बसले असते." तिने हात काढून घेतला. "गाडी काय रे, लोखंड. तुझे बाबा रागावले असते आणि तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण तू मला माझ्याच डोक्याची भीती घातलीस. मी पहाटे उठून सगळ्यांची नावं मनात म्हणून बघायचे, तुझं आधी. विसरले तर नाही ना म्हणून. हे मी नाही विसरणार."

"आई, मला माफ—"

"ते मग बघू. आधी त्या डॉक्टरकडे चल. जे मला सांगितलंस ते त्याला सांग. माझ्यासमोर, मोठ्याने."

"आत्ता?"

"मग कधी? ठमे, कुलपं बसव."

ठमीने कामाला हात घातला. चेपलेल्या कुलपाचं ती काहीच करू शकत नव्हती. तिने विचारल्यावर काकांनी फोनवर सांगितलं होतं की तशाच जातीचं एक सुटं कुलूप त्यांच्याकडे आहे, आणि ते स्वतः घेऊन आलेही. तिने त्याचा गाभा उघडला, पाती काढली आणि आईची किल्ली आत घालून एकेक पातं लावून पाहू लागली. वर राहणारी बाजूला, सपाट बसणारी आत. मिस्त्री न सांगता शेजारी बसून चिमट्याने स्प्रिंगा देत होता. शेवटचं पातं बसलं, गाभा फिरला, आणि कट्कन आवाज आला.

आईने कान टवकारले. "लागली?"

"लागली. पण आई, तुला हवी असेल तर वेगळी किल्ली करते. ही काही ढब्बू नाही."

"नाहीच. पण या बिचारीचा काय दोष? राहू दे तीच." आई उठली. गाडीला वळसा घालून चालकाच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसली आणि किल्ली खिडकीतून बाहेर धरली, दादाच्या दिशेने.

दादा मागे सरकला. "मी नाही. त्या दिवसापासून मी चालवलीच नाही कुठली गाडी. ठमी चालवेल."

"ठमीचे हात ग्रीसने भरलेत. तू चालव."

तो आत बसला. किल्ली लावायलाच त्याला वेळ लागला. इंजिन धडधडलं तेव्हा त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते. गाडी फाटकापर्यंत मुंगीच्या पावलाने गेली आणि थांबली. रस्ता मोकळा होता, तरी त्याने एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मान वळवून पाहिलं.

"कोणी आहे का रे?" आईने विचारलं.

"नाही."

"मग चल की."

गाडी रस्त्याला लागली. ठमी हात पुसत फाटकात उभी राहिली. आईचं काही तरी मोठ्या आवाजात रागावून बोलणं तिला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिलं.